बावीस मिनिटं

चिपळूणला दर सहा महिन्यांनी
तन्वीर मुकादम एक सुटकेस उघडतो,
माझ्या डाव्या खांद्याखाली चकती टेकवतो
आणि माझं अर्धं वर्ष पडद्यावर वाचतो.
मी शर्टाची बटणं काढून बसलेलो.
छातीच्या मधोमध जुनी शिवण,
सव्वा वर्षाचा असताना घातलेली,
माझ्याबरोबर लांब होत गेलेली.

जन्मलो तेव्हा दोन मोठ्या नळ्या
एकमेकींच्या जागी बसल्या होत्या.
सुईण म्हणाली, पोर जांभळासारखं झालंय.
मुंबईच्या डॉक्टरांनी आतल्या आत वाटा वळवल्या,
बागेतला पाट या आळ्यातून त्या आळ्यात वळवावा तशा,
आणि आईला सांगितलं, बघू.
त्या ‘बघू’वर मी छत्तीस वर्षं काढली.

असगोली फाट्यावर माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान.
तिथंच पडलो, तांब्याच्या तारेचं भेंडोळं हातात धरून.
ठोका देणारी जागा दमली, म्हणाले,
वळवलेल्या वाटांवर कधीकधी तसं होतं.
गिऱ्हाइकाला मीही असंच सांगतो :
पंप चांगला आहे हो, वाइंडिंग गेलंय.

मग हे यंत्र. काडेपेटीएवढं.
लोहचुंबक हातभर लांब, वेल्डिंग बंद,
डाव्या खांद्यावर ओझं नाही.
पालखीबद्दल कुणी काही बोललं नाही.
डॉक्टर लातूरकडचे.

तन्वीरचं बोट आज पडद्यावर थांबलं.
‘होळीनंतरची तिसरी रात्र. एक वाजून चाळीस.
एकशेबासष्ट ठोके. बावीस मिनिटं.
काय करत होतात?’
जिना चढत होतो.
‘बावीस मिनिटं?’
असगोलीत एवढा उंच जिना नाही
हे त्यालाही ठाऊक.

सोमजाई आली होती खळ्यात.
खालूबाजा असा लागलेला
की माडाच्या झावळ्यांखालचे दिवेसुद्धा हलत होते.
लहानपणी माझ्या वाट्याला नारळांची पिशवी यायची,
तीही अर्धी भरलेली.
त्या रात्री पुढच्या दांडीवरचा बाळोजी लचकला
आणि जागा मोकळी दिसली.
उजवा खांदा दिला मी, शपथेवर सांगतो.
पण नाचवायला लागलं की
उजवा कुठला, डावा कुठला?

तन्वीर बराच वेळ रेघ बघत राहिला.
‘या बावीस मिनिटांत यंत्रानं एकही ठोका दिलेला नाही.
हे सगळं तुमचं आहे.
आता आनंदानं धावलं,
की जुन्या टाक्यांभोवती करंट गोल फिरत राहिला,
ते डॉक्टर सांगतील.
लांबून दोन्हीची रेघ सारखीच दिसते.’

मग म्हणाला, जरा कमी करतो, घाबरू नका.
साठ. पन्नास. चाळीस.
पंखा ऐकू आला.
खाली कुणीतरी रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडत होतं,
ते सगळं भांडण मला शब्दन् शब्द कळलं.
डोळ्यांपुढे काठाकाठानं काळं यायला लागलं
आणि तेवढ्यात
एक आला.
उशिरा. कुणी न बोलावता.
‘आहे अजून,’ तन्वीर म्हणाला,
आणि मला परत साठावर आणून ठेवलं.

शर्ट घालताना त्यानं हळूच विचारलं,
‘तुमच्याकडे एका खळ्यात किती वेळ नाचते?
आमच्या मोहल्ल्याच्या नाक्यावर थांबते तेव्हा
दादी नारळ देते. पाच मिनिटं, फार तर.’
मी म्हटलं, ओटी भरणारीच्या मनावर आहे.
तो हसला. कागद छापला,
बावीस मिनिटांभोवती लाल पेनानं गोल केला.
बॅटरी आठ वर्षं चार महिने.
म्हणजे आठ शिमगे, मी मोजले,
आणि नववा उधारीवर.

गुहागरच्या एसटीत खिडकी मिळाली.
दुकानात वेळणेश्वरचा एक पंप येऊन पडलेला,
खारं पाणी पिऊन आतून हिरवा झालेला.
हात लांब करून तो उघडला.
तन्वीरचा कागद पावत्यांच्या तारेत खोचला,
गोल केलेली बाजू
भिंतीकडे.